ओझे कोणाच्या मानेवर?

गेल्या आषाढातील एका वादळी रात्री आमच्या देवळाच्या आवारातील जुन्या कडुनिंबाची एक मोठी फांदी मोडून पडली. देवाच्या कृपेने कोणास इजा झाली नाही. सकाळी करवत आणून तिचे ओंडके पाडण्यात आले व ते मागील मोकळ्या जागेत नेऊन रचण्यासाठी दोन मजूर बोलाविण्यात आले. अंतर म्हणाल तर अवघे दोनशे पावलांचे. त्या दोघांपैकी एक साठी उलटलेला होता. त्याने डोक्यावर फडक्याची चुंबळ ठेवली, जोडीदाराने ओंडका उचलून दिला आणि तो चालू लागला. चौथ्या खेपेस त्याचे गुडघे थरथरले. ओंडका कसाबसा खाली टाकून तो पायरीवर बसला. परंतु त्याची मान काही केल्या सरळ होईना. आम्ही त्यास पाणी दिले. त्याहून अधिक आम्ही काही केले नाही.

त्या वेळी आम्ही आठदहा सभासद मंडपात उभे होतो आणि कोणता ओंडका आधी न्यावा हे त्यास सांगत होतो. आदल्याच सायंकाळी त्या मंडपात भूतदयेवर सुंदर प्रवचन झाले होते. देवळाच्या दाराशी भाजीवाल्याची हातगाडी रिकामी उभी होती. ती मागितली असती तर त्याने आनंदाने दिली असती. परंतु तिची आठवण आमच्यापैकी एकासही झाली नाही. कारण ओझे आमच्या मानेवर नव्हते.

ही गोष्ट वरवर पाहता क्षुल्लक आहे. तथापि तिच्या पोटी एक प्रश्न दडलेला आहे व तो सभासद कुटुंबांपुढे मांडावा असे आम्हांस वाटते. सेवेचे मोल तीत सोसलेल्या क्लेशावरून ठरते काय? आणि ते क्लेश दुसऱ्यानेच सोसले असतील, तर त्या सेवेचे पुण्य कोणाच्या पदरी पडावे?

प्रथम ओझ्याचा हिशेब पाहू. एक फूट जाडीचा आणि तीन फूट लांबीचा ओला ओंडका अंदाजे ६० किलो भरतो. १९६७ साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने माणसाने वाहावयाच्या ओझ्याविषयी एक करार संमत केला आणि त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचविली. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी व हमाल कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. ‘माथाडी’ या शब्दातच माथा आहे. डोक्यावर भार वाहणाऱ्या माणसाचेही काही हक्क आहेत, हे ओळखण्यास शासनास कायदा करावा लागला. मग देवळाच्या आवारात ते ओळखण्यास आम्हांस कशाची वाट पाहावयाची होती?

आता हातगाडीकडे पाहू. कन्नडमध्ये तिला तळ्ळुगाडी म्हणतात. तळ्ळु म्हणजे ढकलणे. आपल्याकडील दख्खनी बोलीत ती ठेला होते. नाव काहीही असो, तिचे कर्म एकच. डोक्यावरचा भार मानेतून, पाठीच्या कण्यातून व गुडघ्यांतून जमिनीपर्यंत उतरतो. गाडीवरचा भार आंसातून चाकांत आणि चाकांतून थेट जमिनीत उतरतो. माणसास केवळ चाके फिरती ठेवावी लागतात. अर्थात त्यासाठी भरणाऱ्याच्या अंगी विवेक हवा. जड ओंडके तळाशी, आंसाच्या दोन्ही बाजूंस तोलून ठेवावेत. सगळा भार दांड्यांकडे आला तर तो ओढणाऱ्याच्या हातांवर येतो, मागे गेला तर दांड्याच वर उचलल्या जातात. डहाळ्या व पाला यांचे वजन थोडे, पसारा मोठा. म्हणून त्यांचे बुंधे एका दिशेस करून त्या वर रचाव्यात आणि दोराने आवळाव्यात. उतारावर एकाने मागून आवरून धरावे. बीदर शहराच्या जांभ्याच्या तांबड्या जमिनीवर पावसातही चाक बरे चालते. भालकी-औरादकडील काळ्या मातीत मात्र ते रुतून बसते, तेथे फळ्या अंथराव्या लागतात. आणि बाभळीच्या फांद्या वाहावयाच्या असतील तर रबरी चाकास काट्यांचे भय असतेच. गंमत अशी की, आपल्याकडचे सुतार चाकाचा तुंबा आणि आरे घडविण्यास पूर्वापार पसंत करीत आले ते त्याच बाभळीचे लाकूड!

यावर एक आक्षेप येतो आणि तो श्रद्धावान माणसांकडून येतो, म्हणून त्याचा विचार आदराने केला पाहिजे. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी म्हटले, ‘देवाचे काम अंगमेहनतीनेच व्हावे. सोय शोधू लागलो की सेवा संपली.’ त्यांनी मोळिगे मारय्यांचा दाखला दिला. मोळिगे म्हणजे आपली मोळी. बाराव्या शतकात कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बसवेश्वरांभोवती जे शरण जमले त्यांत हे मारय्या होते. काश्मीरचे राज्य सोडून ते येथे आले आणि रानातून लाकडाची मोळी डोक्यावर आणून, ती विकून चरितार्थ चालवू लागले, अशी परंपरा सांगते. दाखला थोर आहे यात शंका नाही. परंतु तो नीट वाचला पाहिजे. मारय्यांनी मोळी स्वतःच्या डोक्यावर घेतली होती. त्यांनी दुसऱ्या कोणास मोळी वाहावयास लावून, आपण सावलीत उभे राहून, कष्टाचा महिमा गाइला नाही.

गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांत मूढ हट्टाने स्वतःस पीडा देऊन केलेले किंवा दुसऱ्याच्या नाशासाठी केलेले तप तामस ठरविले आहे. क्लेश हे तपाचे मोजमाप असते तर असा भेद करण्याचे कारणच नव्हते. आणि आपल्या संतपरंपरेतील कथा काय सांगतात? जनाबाईंचे दळण जड झाले तेव्हा विठ्ठलाने जात्याच्या खुंट्यास हात लावला. एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन देवाने पाणी भरले. भक्ताचे कष्ट जितके अधिक तितके पुण्य अधिक, असे म्हणून देव दूर उभा राहिला नाही. जेथे देवाने ओझ्यास हात लावला, तेथे आपण चाकाचा आधार घेण्यास का लाजावे?

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. गाडी आली की दोन दिवसांचे काम एका दिवसात उरकते. मग मजुराच्या एका दिवसाच्या भाकरीचे काय? हा प्रश्न आम्हांस टाळता येणार नाही. त्या वृद्धानेही तो आम्हांस विचारला. गाडी आणू असे म्हणताच त्याच्या मुद्रेवर प्रथम समाधान नव्हे, तर चिंता दिसली. दयेने केलेल्या सुधारणेचे मोल गरिबाच्या खिशातून वसूल होत असेल, तर ती दया नव्हे. म्हणून समितीने असे ठरविले की, रोजाचा हिशेब सोडून काम उक्ते द्यावे आणि दोन दिवसांची ठरलेली मजुरी पूर्ण द्यावी. वाचलेला दिवस मजुराचा, देवस्थानचा नव्हे. खर्चात एका पैचीही बचत झाली नाही व ती व्हावी अशी आमची इच्छाही नव्हती.

येथे एक धोकाही सांगितला पाहिजे. गाडी भार सोसते म्हणून आपण तीवर दुप्पट भार घालतो आणि ओढणाऱ्यास बैल करून सोडतो. बाजारपेठेत चढावर वाकून, रक्त आटवीत गाडी ओढणारे हमाल कोणी पाहिले नाहीत? चाक निर्दय नाही, तसे ते दयाळूही नाही. दया असते ती भरणाऱ्याच्या हातात. आणि भरणाऱ्याने एक खेप स्वतः ओढून पाहिली, तर ती त्या हातात लवकर येते.

आम्ही दुसऱ्या दिवशी तेच केले. भाजीवाल्याची गाडी आणली. पहिल्या खेपेस सवयीप्रमाणे ती भरमसाट भरली आणि तिघांनी जोर लावूनही ती दारातील उंबऱ्यावर अडली. निम्मे ओंडके उतरविले तेव्हा ती चालली. वृद्ध मजूर पायरीवर बसून कोणता ओंडका कोठे ठेवावा हे आम्हांस सांगत होता. त्याचे सांगणे आमच्या आदल्या दिवशीच्या सांगण्याहून पुष्कळ शहाणपणाचे होते. कारण ते त्याच्या मानेने शिकलेले होते.

देवस्थानाने आता स्वतःची एक हातगाडी घेतली आहे. ती दीपमाळेच्या मागे उभी असते. उभा वृक्ष तोडावयाचा तर १९७६ च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगीचा विचार करावा लागतो; पडलेल्या फांद्या उचलण्यास मात्र केवळ चार हात लागतात. मागील कुंपणालगत डहाळ्यांचा ढीग अद्याप पडून आहे. तीन-चार खेपांचे काम असेल. येत्या एकादशीस, काकडआरतीनंतर, ज्या सभासदांस शक्य असेल त्यांनी मुलाबाळांसह यावे. गाडी थोडी थोडी भरू.