आधी सर्टिफिकेट विचारलंस

उभा राहा. बाकीच्यांनी बसून ऐका. उभा हा एकटा असला, तरी बोलणं तुम्हा सगळ्यांशी आहे.

परवा मी तुला स्टाफरूममध्ये बोलावलं. जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेसाठी मुंबईहून दोन अभ्यासक येताहेत, त्यांना खाडीची माहिती असलेली दोन मुलं हवी आहेत, चार दिवस पहाटे जायचंय, जाशील का, असं विचारलं. तुझं पहिलं वाक्य काय होतं? "मॅडम, सर्टिफिकेट मिळणार का?" मला ठाऊक नाही म्हटलं. त्यावर, "मग सिलॅबसमध्ये तरी आहे का?" तेही नाही म्हटल्यावर एमपीएससीच्या क्लासचं कारण पुढे केलंस. मी चौकशी केली. त्या चारही दिवशी तुझा क्लास दुपारी चारला आहे. पहाटे साडेपाचला तुला झोपायचं होतं, एवढंच. खोटं बोललास याचा राग आहेच. पण त्याहून जास्त राग मला तुझ्या पहिल्या प्रश्नाचा आला, आणि आज तास बाजूला ठेवून मी बोलते आहे ती त्या प्रश्नासाठी.

तुझे आजोबा आणि वडील होडीवर गेलेले. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, हे तुला पहिलीत जायच्या आधीपासून येतं. ओहोटीला चिखल उघडा पडला की पक्षी चरायला लांबवर पसरतात आणि भरती चढली की कोरड्या जागेवर दाटीने येऊन बसतात. मोजणी करणाऱ्याने भरतीची वेळ चुकवली तर त्याचा अख्खा दिवस वाया जातो. त्या अभ्यासकांकडे चांगल्या दुर्बिणी आहेत. कुठल्या बांधावरून उतरायचं, कुठे गुडघाभर रुतायला होतं, हे मात्र त्यांना ठाऊक नाही. म्हणून मला तू आठवलास. वर्गात पहिला येणारा मुलगा दुसरा आहे, त्याला मी विचारलं नव्हतं. तुला विचारलं होतं, आणि तू माझ्याकडे कागद मागितलास.

ही गणना आपल्या देशात १९८७ पासून दर जानेवारीत होते आहे. आशियातल्या कितीतरी देशांत याच दिवसांत माणसं चिखलात उभी राहून तुतवार, चिखल्या, शेकाटे मोजत असतात. तुझ्या घरामागच्या खाडीचा आकडा त्या यादीत गेला असता आणि तो तू मोजलेला असता. तुला ते क्षुल्लक वाटलं.

इथून किहीम किती लांब आहे रे? एसटीने अर्धा तासही लागत नाही. तिथे कोण राहून गेलं, ठाऊक आहे? पक्षितज्ज्ञ सलीम अली. नाव माहीत असेलच, जनरल नॉलेजच्या पुस्तकात एका ओळीत येतं. ती ओळ पाठ करून तुम्ही पुढे जाता. आज जरा थांबा.

सलीम अली १९१७ साली ब्रह्मदेशातून मुंबईला परत आले. तिकडे घरच्या धंद्यासाठी गेले होते, खाणीचं आणि लाकडाचं काम होतं. परत आल्यावर पोटापाण्याचं काही शिकावं म्हणून दावर्स कॉलेजमध्ये व्यापारी कायदा आणि हिशेब शिकायला लागले. तुमच्या भाषेत, करिअर ठरलेलं होतं. सेंट झेवियर्समध्ये फादर एथेलबर्ट ब्लॅटर म्हणून वनस्पतिशास्त्राचे मोठे अभ्यासक होते. या मुलाचा ओढा कुठे आहे ते त्यांनी ओळखलं आणि त्याला प्राणिशास्त्र शिकायला सांगितलं. म्हणजे त्यांच्या कॉलेजातही नसलेल्या एका माणसाने न मागता दिलेला सल्ला. सलीम अलींनी काय केलं? सकाळी दावर्समध्ये हिशेबाचे तास करायचे आणि तिथून उठून झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गात जाऊन बसायचं. तो अभ्यासक्रम त्यांनी पुरा केला. विद्यापीठाची पदवी मात्र हातात आली नाही.

आणि मी तुमच्यापासून काही लपवणार नाही. पदवी नाही म्हणून पुढे सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यातली पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. कागदाला किंमत असते. परीक्षा बुडवून खाडीवर जा, असं मी कधी म्हणाले नाही आणि म्हणणार नाही. पण पुढचंही ऐका. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये त्यांना गाइड लेक्चररची नोकरी मिळाली, महिना साडेतीनशे रुपये. दोन वर्षांनी रजा घेऊन ते बर्लिनला पक्षिशास्त्रज्ञ श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकायला गेले. १९३० साली परत येतात तो पैशांअभावी ती जागाच बंद झालेली. पदरी संसार, हातात नोकरी नाही. तेव्हा ते किहीमला येऊन राहिले.

तिथे त्यांना सुगरणींची वसाहत दिसली. नोकरी गेलेल्या माणसाने सुगरणीचे खोपे बघत बसावं, हे तुझ्या हिशेबात बसतं का? ते बसले. रोज बसले, टिपणं ठेवली. खोपा नर विणतो हे दिसत होतंच. त्यांनी पाहिलं ते त्यापुढचं. नर खोपा अर्धा विणून थांबतो, मादी येऊन तो पारखते, पसंत पडला तर आत राहते, मग नर तो पुरा करतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवा खोपा विणायला घेतो. इथल्या लोकांच्या नजरेसमोर पिढ्यान्‌पिढ्या हे चाललेलं होतं. लिहून ठेवलं ते या बेकार माणसाने. तो निबंध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि जगभरच्या पक्षिअभ्यासकांना त्यांचं नाव कळलं. पुढे १९४१ साली त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. अजूनही लोक ते पिशवीत घेऊन रानात जातात.

झेवियर्सच्या वर्गात बसताना यातलं त्यांना काय दिसत होतं? काहीच नाही. हे मला तुमच्या डोक्यात घालायचं आहे. अशी संधी येते तेव्हा तिच्यावर "संधी" असं लिहिलेलं नसतं. ती कामासारखी दिसते, बहुतेक वेळा गैरसोयीच्या कामासारखी.

पक्ष्यांचं सोडा. सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे विद्यार्थी. कॉलेजच्या नाटकात काम केलं, ते दिग्दर्शक भालबा केळकरांनी पाहिलं आणि त्यांना पीडीए या नाट्यसंस्थेत बोलावून घेतलं. पुढे याच माणसाने 'महानिर्वाण' हे नाटक लिहिलं. इथेही काम करताना कोणीतरी पाहिलं होतं. तुमची मार्कशीट पाहून कोणी तुम्हाला घरी बोलावणार नाही, कारण तसल्या मार्कशीटचा ढीग त्याच्या टेबलावर असतो. चिखलात चार तास न कुरकुरता उभा राहिलेला मुलगा मात्र लक्षात राहतो.

पोटाचं विचाराल, तर तेही सांगते. आपल्या रायगडात बंदरं, पूल, रस्ते, कारखाने यांचं काय चाललंय ते तुम्ही रोज बघता. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल द्यावा लागतो. त्या जागेवर कोणते पक्षी, कोणती झाडं, किती, हे त्यात यावं लागतं. ते मोजायला माणूस लागतो. तो बाहेरून येतो, पंधरा दिवस राहतो आणि पगार घेऊन जातो. तुम्ही त्याला वडापावच्या गाडीवर बघता आणि कुठला साहेब आहे म्हणून विचारता.

यात दोष आमचाही आहे. नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली भरायच्या म्हणून आम्हीच झाड लावलं की फोटो, व्याख्यान ऐकलं की सर्टिफिकेट, अशी सवय तुम्हाला लावली. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास श्रम करायचे असतात. ते तास आता श्रमापेक्षा सह्यांनी जास्त भरले जातात. मला त्याची लाज वाटते. पण आम्ही चुकलो म्हणून तुझा तोटा कमी होत नाही.

मागच्या बाकावर एक मुलगा आहे. शनिवार-रविवार रिसॉर्टवर काम करून तो घर चालवतो. त्याला मी या गणनेचं विचारलं नाही, आणि त्याला कोणी आळशी म्हटलं तर माझ्याशी गाठ आहे. नाइलाजाने नाही म्हणणाऱ्याला मी बोलत नाही. वेळ, तब्येत, घरचा पाठिंबा सगळं असून जो नाही म्हणतो, त्याला बोलते.

कॉलेजची ही तीन वर्षं संपली की काय बदलतं, सांगू? आज तू तुतवाराला चिखल्या म्हणालास तर शेजारचा माणूस दुर्बीण हातात देऊन म्हणेल, पुन्हा बघ. चार वर्षांनी तीच चूक पगारी माणसाकडून झाली तर त्याला दुसऱ्या दिवशी बोलावत नाहीत. काही येत नसलेल्या माणसाला कामात घेऊन शिकवतात ते तुमच्या वयात. नंतर सगळे अनुभव विचारतात, आणि तो कुठून आणणार हे कोणी विचारत नाही.

चार दिवसांत तुझं आयुष्य बदलेल, असं वचन मी देत नाही. कदाचित कंटाळशील आणि हे आपलं काम नव्हे एवढंच कळेल. ते एकविसाव्या वर्षी कळलं तर चांगलं. पस्तिशीत कळलेली माणसं मी पाहिली आहेत.

तुझं नाव मी अजून खोडलेलं नाही. शनिवारी पहाटे सव्वापाचला एसटी स्टँडवर ये. जुने कपडे घाल, वही घे आणि पेन्सिल आण. पाण्यात पेनची शाई पसरते.

बस आता.