उपचार आणि सोबत

आजाऱ्यास औषध देणे हे सत्कर्म होय, याविषयी दुमत नाही. परंतु जो उपचार एकदा देऊन संपत नाही, जो आठवड्यांमागून आठवडे, कधी वर्षानुवर्षे चालवावा लागतो, तो दूरच्या पाड्यावरील माणसापर्यंत पोहोचविणे हे कोणाचे कर्तव्य? भौतिकोपचाराचा, म्हणजेच फिजिओथेरपीचा, विचार करताना हा प्रश्न टाळता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. हजार अर्भकांमागे साधारणतः एक अर्भक आत वळलेले पाऊल घेऊन जन्मास येते. यास क्लबफूट म्हणतात. अमेरिकेतील आयोवा येथे डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी विकसित केलेल्या पद्धतीने हे पाऊल बहुधा मोठ्या शस्त्रक्रियेवाचून सरळ होते. दर आठवड्यास पाऊल हलक्या हाताने थोडे वळवून नवे प्लास्टर घालावयाचे, अशी पाच-सहा प्लास्टरे. बहुतेकदा टाचेमागे एक लहानसा छेद. त्यानंतर पट्टीला जोडलेले बूट, तीन महिने जवळजवळ अहोरात्र आणि पुढे सुमारे चार वर्षे झोपेच्या वेळी. बूट सुटले, की पाऊल पुन्हा वळू लागते.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाचा समावेश असून उपचार मोफत आहे. परंतु जव्हार-मोखाड्याच्या आईला एसटीचे भाडे पडते, दिवसाची मजुरी बुडते, धाकटी-थोरली भावंडे शेजारणीवर टाकून यावे लागते. भातकापणी आटोपली, की अनेक वारली व कातकरी कुटुंबे भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. नोंद एका तालुक्यात, मूल दुसऱ्या तालुक्यात! अशा वेळी उपचार तुटला, की आपण आईला अडाणी ठरवून मोकळे होतो. हा न्याय नव्हे. जेरुसलेमच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून राहिलेल्या रुग्णाची तक्रार पाणी नाही अशी नव्हतीच. पाण्यात उतरविणारे कोणी नाही, एवढीच होती.

शिबिरे भरवून हे ऋण फिटेल काय? शिबिरात रुग्ण सापडतो, हा त्याचा मोठा उपयोग. परंतु पक्षाघाताने लुळा पडलेला हात एका रविवारी हलवून दाखविल्याने कामास लागत नाही. तोच व्यायाम उद्या, परवा आणि महिन्यानंतरही कोणी करून घेतला पाहिजे. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेनंतर जागतिक आरोग्य संघटनेने समाजाधारित पुनर्वसनाचा जो मार्ग पुरस्कारिला, त्याचे मर्म हेच आहे: घरातील माणसास, गावातील आरोग्यसेविकेस साधे व्यायाम शिकवावेत आणि तज्ज्ञाने त्यांच्या पाठीशी उभे राहावे.

यावर एक आक्षेप संभवतो. शहरवासीयांस तज्ज्ञ आणि आदिवासींस अर्धशिक्षित हात, हा पंक्तिप्रपंच नव्हे काय? आक्षेप खरा आहे. तज्ज्ञ मुळीच येणार नसेल, तर ती वंचना होय. मात्र तो ठरलेल्या वारी येत असेल, चुकलेला हात सुधारीत असेल, अवघड रुग्णास मोठ्या रुग्णालयात धाडीत असेल, तर तीच व्यवस्था न्याय्य ठरते. शिवाय तज्ज्ञासही पाड्यावर शिकण्याजोगे पुष्कळ असते. उकिडवे बसणे, बांधावरून चालणे, डोक्यावर हंडा पेलणे या गोष्टी ज्यास साधल्या पाहिजेत, त्याचे व्यायाम खुर्चीवर बसणाऱ्याहून निराळे असणार. १९६८ साली रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडविलेला जयपूर फूट आपल्याकडे रुजला, तो अनवाणी चालणाऱ्या व मांडी घालून बसणाऱ्या माणसाचा विचार त्यात होता म्हणूनच.

आम्हांस असे वाटते, की येथे दानाहून सातत्य मोलाचे आहे. भट्टीवर आलेल्या कुटुंबात असे बाळ आहे काय, याची विचारपूस करणे, जवळच्या सरकारी रुग्णालयात त्याची नोंद करून देणे, ठरल्या दिवशी आईसोबत जाणे आणि ते कुटुंब परतताना पुढील तारीख तिकडच्या आरोग्यसेविकेस कळविणे, एवढे आपल्या हाती आहे. यास मोठा निधी लागत नाही. दर आठवड्यास एक सकाळ लागते, आणि तीही चार वर्षे.