उतरण्याची जागा

युरोपांतील एखाद्या शहरीं आठ दिवस राहावयाचें असतां कोणत्या वस्तींत उतरावें, हा प्रश्न वरवर पाहतां निबंधाच्या योग्यतेचा वाटणार नाहीं. स्टेशन जवळ असावें, भाडें खिशास परवडावें, रात्रीं बायकामुलांस घेऊन निर्धास्तपणें फिरतां यावें, शाकाहारी माणसाची उपासमार होऊं नये, एवढें पाहिलें म्हणजे झालें, असें व्यवहारी माणूस म्हणेल. आणि त्याचें म्हणणें खोटें नाहीं. परंतु नगर, संगमनेर, श्रीरामपूर येथील मध्यम स्थितींतल्या कुटुंबांसही आतां परदेशीं असलेल्या मुलांकडे जातां-येतां चार शहरें पाहण्याचा योग येऊं लागला आहे. तेव्हां या व्यवहाराच्या तळाशीं असलेला नीतीचा प्रश्न आपणांस फार काळ टाळतां येणार नाहीं. परक्याच्या शहरांतील राहत्या जागेवर पाहुण्याचा अधिकार कितपत, हा तो प्रश्न होय. आमच्या परंपरेनें यजमानाचा धर्म विस्तारानें सांगितला. तैत्तिरीय उपनिषदानें तर अतिथीस देव मानावयास लाविलें. अतिथीच्या धर्माविषयीं मात्र फारसा ऊहापोह झालेला दिसत नाहीं. देवास त्याचीं कर्तव्यें सांगण्याचें धाडस कोणास झालें नसावें!

एक काळ असा होता कीं, आपल्या माणसास वस्ती निवडण्याचा प्रश्नच पडत नसे. जें दार उघडेल तीच त्याची वस्ती. आमच्या पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, ज्यांस पुढें महाराष्ट्र सेनापति म्हणूं लागला, ते १९०४ सालीं शिष्यवृत्ति मिळवून एडिंबरोस गेले. ब्रिटिश सत्तेविरुद्ध बोलल्यामुळें ती शिष्यवृत्ति गेली, आणि लंडनांत त्यांना आसरा मिळाला तो हायगेट भागांतील 'इंडिया हाउस'मध्यें. शामजी कृष्णवर्मा यांनीं १९०५ सालीं हें विद्यार्थिगृह काढलें, त्याचें एक कारण हेंच होतें कीं, हिंदी विद्यार्थ्यास खोली देण्यास त्या शहरांतले कित्येक घरवाले राजी नसत. आज नकाशा पुढें ठेवून 'ही पेठ बरी कीं ती' असें आपण घरांत बसून बोलतों, तेव्हां या बोलण्याचा हक्कही आपणांस अलीकडेच मिळाला आहे, याची आठवण असावी.

निवड करतां येत असूनही गैरसोयीची जागा पत्करल्याचें उदाहरण १९३१ सालचें आहे. गोलमेज परिषदेस गेलेल्या गांधीजींस हॉटेलांची वाण नव्हती. पण ते बो या कामकऱ्यांच्या भागांत, म्यूरिएल लेस्टर यांच्या किंग्सली हॉलमध्यें, गच्चीवरच्या एका लहानशा खोलींत राहिले. सुमारें बारा आठवड्यांचा तो मुक्काम. परिषदेची जागा तेथून कित्येक मैल दूर. शेवटीं कामासाठीं नाइट्सब्रिज येथें वेगळी कचेरी थाटावी लागली, आणि तेथलें काम आटोपून रात्रीं उशिरा बो येथें परतण्याचा क्रम चालू राहिला. त्या येरझारा सोबत्यांनाही चुकल्या नाहींत. गरिबांत राहावयाचें ही हौस सोबत्यांच्या जिवावर भागविली गेली, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो अगदींच पोकळ म्हणतां येणार नाहीं.

हल्लींचे प्रवासीही 'हॉटेलांत काय उतरावयाचें, तेथल्या रहिवाशांत राहावें' असें म्हणतात, आणि जुन्या पेठेंतील एखादी सदनिका आठ दिवसांसाठीं घेतात. या दोहोंत भेद आहे. किंग्सली हॉलमध्यें यजमान घरांत होते, त्यांनीं बोलाविलें होतें, आणि त्या पाहुण्यासाठीं कोणत्याही कुटुंबास जागा सोडावी लागली नव्हती. भाड्याच्या सदनिकेंत रहिवासी म्हणून कोणी उरलेलाच नसतो. महिन्याच्या भाडेकऱ्यापेक्षां रोजच्या पाहुण्याकडून अधिक पैसा सुटतो, हें एकदां मालकाच्या ध्यानांत आलें म्हणजे भाडेकऱ्याचा करार पुन्हां होत नाहीं. भाडेकरी गेले कीं त्यांच्यावर चालणारा वाणी व चांभार यांचीं दुकानें बसतात. जिन्यावर अपरात्रीं पेट्यांच्या चाकांचा खडखडाट तेवढा ऐकूं येतो. ज्या रहिवाशांत राहावयाचें म्हणून आपण तेथें गेलों, ते आपल्याच येण्यानें उठून गेलेले असतात. २०२४ च्या जूनमध्यें बार्सिलोनाच्या महापौरांनीं अशा १०,१०१ सदनिकांचे परवाने २०२८ च्या नोव्हेंबरनंतर चालू ठेवावयाचे नाहींत, असें जाहीर केलें. पुढच्याच महिन्यांत त्या शहरच्या निदर्शकांनीं पाहुण्यांवर पिचकाऱ्यांनीं पाणी उडविलें.

हें वर्तन आपणांस असभ्य वाटतें. पण आमच्या जिल्ह्यांतलें हिवरे बाजार घ्या. बाहेरच्या माणसास जमीन विकावयाची नाहीं, असा त्या गांवानें निश्चय केला. तें गांव पाहावयास दूरदूरचे लोक येतात आणि गांवकऱ्यांच्या या शहाणपणाची वाखाणणी करून जातात. पाहुणा यावा, पाहावें, जेवावें. मात्र गांव गांवकऱ्यांचें राहावें, हाच त्या निश्चयाचा अर्थ. तोच अर्थ बार्सिलोनाच्या ठरावांत असतां तो तेवढा आपणांस कां खुपावा?

मात्र शेजाऱ्यांची प्रत्येक तक्रार शिरसावंद्य मानावी, असेंही आम्हीं म्हणत नाहीं. लंडनच्या प्रिमरोज हिल भागांत किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरांत डॉ. आंबेडकर १९२१-२२ च्या सुमारास राहिले, तें महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं विकत घेतलें. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गर्दीविषयीं कांहीं शेजाऱ्यांनीं गाऱ्हाणें केलें, स्थानिक कौन्सिलनें संग्रहालयास परवानगी नाकारली, आणि २०२० च्या मार्चमध्यें ती वरून मिळाली. आमच्या मतें तो निकाल योग्यच झाला. एका घराच्या स्मारकानें पेठ उठून जात नाहीं. शेजारी मात्र केवळ गाऱ्हाणें केल्यामुळें दुष्ट ठरत नाहींत.

उरतो तो खर्चाचा प्रश्न, आणि तो लहान नव्हे. पांच माणसांचें कुटुंब, त्यांत एक वृद्ध, एक पथ्याचें. हॉटेलांत दोन खोल्या घ्याव्या, तर वरणभातास चूल नाहीं. त्यांस सदनिका सोडा म्हणणें हें उपदेशकास सोपें. त्यांस आम्हीं एवढेंच सुचवूं कीं, मालक स्वतः जेथें राहतो अशा घरांतील खोल्या पाहाव्या, मग त्या जुन्या पेठेपासून ट्रामनें अर्ध्या तासाच्या अंतरावर कां असेनात. स्वयंपाकघर वापरूं देणारे घरवाले अद्याप नाहींसे झालेले नाहींत. आणि सदनिकाच घ्यावी लागली, तर परवान्याचा क्रमांक जाहिरातींत आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें, आणि त्या घरांत पूर्वीं कोण राहत होतें, हें मालकास विचारावें. उत्तर येण्यास उशीर होऊं लागला, तर स्टेशनासमोरचें तें अरुंद खिडक्यांचें हॉटेल घ्यावें व प्रेशर कुकर घरींच ठेवावा.