पडलेल्यांना परत घ्यायचे का?



१६ सप्टेंबरला आपण संत कॉर्नेलियस व संत सिप्रियन यांचा सण साजरा करतो. मिस्साच्या जुन्या रोमन कॅननमध्ये ही दोन नावे लागोपाठ येतात. आपण ती ऐकतो आणि पुढे जातो. कॉर्नेलियस रोमचे पोप, तर सिप्रियन उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचे बिशप. एका अवघड प्रश्नाने दोघांना एकत्र आणले.

इ. स. २५० च्या सुमारास सम्राट डेशियसने फर्मान काढले: प्रत्येकाने रोमच्या देवांना बळी अर्पण करावा व तसा दाखला घ्यावा. पोप फेबियन यांनी जानेवारी २५० मध्ये प्राण दिले. पण सगळेच फेबियन नव्हते. पुष्कळांनी भीतीने बळी अर्पण केला, तर काहींनी पैसे चारून नुसता कागद मिळवला. छळ ओसरल्यावर हेच लोक ख्रिस्तसभेच्या दाराशी येऊन उभे राहिले.

रोममधील विद्वान धर्मगुरू नोव्हेशियन म्हणाले, ह्या पापाला ख्रिस्तसभेकडे क्षमा नाही. त्यांचे म्हणणे आपण घाईने झटकू नये. ज्याचा मुलगा तुरुंगात मेला, त्याने दाखला विकत घेणाऱ्याच्या शेजारी बसून ख्रिस्तप्रसाद घ्यायचा? वर्षानुवर्षे न फिरकलेला कुणी नाताळला देवळात आला, की आपलीही मान वळतेच. आम्हा धर्मगुरूंचीसुद्धा. दुसरीकडे, तुरुंग भोगलेले काही जण सरसकट क्षमापत्रे वाटत होते. पाप स्वस्त झाले, की पश्चात्तापही स्वस्त होतो.

सिप्रियन यांची अडचण आणखी वेगळी होती. छळात ते स्वतः लपून राहिले होते व तिथून पत्रे लिहून कळप सांभाळत होते. लोक त्यावर बोलले. अशा माणसाने न्याय कसा करायचा? २५१ साली कार्थेजच्या धर्मसभेने ठरवले, की प्रत्येकाची हकिगत वेगळी ऐकावी. आपणहून धावत गेलेला आणि बायकामुलांना वाचवण्यासाठी एकटा पुढे झालेला, हे दोघे सारखे कसे? दीर्घ प्रायश्चित्त मात्र हवेच. रोममध्ये पोप कॉर्नेलियस यांचीही हीच भूमिका होती. म्हणूनच नोव्हेशियन त्यांचे प्रतिस्पर्धी पोप बनून उभे राहिले.

पुढे नव्या छळाची चाहूल लागताच सिप्रियन व त्यांचे सहकारी बिशप यांनी प्रायश्चित्त करणाऱ्या सर्वांनाच परत घेतले. ज्यांना आपण रक्त सांडायला बोलावतो, त्यांना ख्रिस्ताचे रक्त कसे नाकारायचे, हा त्यांचा युक्तिवाद. आम्हाला वाटते, नोव्हेशियनला इथेच उत्तर मिळते: पडलेला माणूस उद्या उभा राहू शकतो, हे त्यांच्या हिशेबात नव्हते.

कॉर्नेलियस २५३ मध्ये हद्दपारीत वारले. पाच वर्षांनी व्हॅलेरियनच्या छळात सिप्रियन यांच्यावर पाळी आली.  बिशपने आपल्याच शहरात, आपल्या लोकांसमोर मरावे असे त्यांना वाटत होते. १४ सप्टेंबर २५८ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. त्याआधी त्यांनी मारेकऱ्याला २५ सोन्याची नाणी द्यायला सांगितली.