पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे

वाशिमहून हिंगोलीला जाताना पैनगंगा ओलांडली की कनेरगाव नाका लागतो. कंडक्टर 'नाका, नाका' ओरडतो; उतरणाऱ्याला अडवणारं मात्र तिथे आता काहीच नाही.

आमच्या घरातले आबाजी नदीपलीकडच्या निजामाच्या मुलखाला शेवटपर्यंत मोगलाईच म्हणत. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिला. तेव्हापासून १९४८ पर्यंत इकडे एक राज्य, तिकडे दुसरं. पलीकडे करोडगिरी होती. येणाऱ्या मालावर जकात, जाणाऱ्यावरही. नाणंसुद्धा वेगळं: इंग्रजांचे सहा कलदार म्हणजे निजामाचे साधारण सात हाली. आबाजींची बहीण तिकडे दिलेली. भाऊबीजेला ती पदराच्या गाठीत बांधून आणायची ते हाली रुपये. सराफ बट्टा कापूनच घ्यायचा. "तिकडला रुपया इकडे आला की हलका होते," आबाजी सांगत, आणि त्या सांगण्यात थोडी ऐट असे.

त्या ऐटीवर मीही बरीच वर्षं विसंबलो. इंग्रजी अंमल म्हणजे बरकत, मोगलाई म्हणजे दैना. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला, हे खरंच. पण मुंबईची रेल्वे गेली अकोला-बडनेऱ्यावरून. कारंज्याला निदान 'शकुंतला' ही छोटी गाडी मिळाली. वाशिम बैलगाडीवरच राहिलं. निजामाची गाडी १९१२ मध्ये पूर्णेहून हिंगोलीला आली आणि तिथेच थांबली. पुढे वाशिम जेमतेम पन्नास किलोमीटर! ते रूळ जोडायला स्वातंत्र्य यावं लागलं. त्याच्याही आधी, १९०५ मध्ये, वाशिम जिल्हा मोडून त्याचा मोठा भाग अकोल्यात घातला गेला होता. जिल्हा परत मिळाला १९९८ मध्ये.

२०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांची, म्हणजे सरळ बोलायचं तर मागासांची, यादी आली. महाराष्ट्रातले चार जिल्हे, त्यात वाशिम. हिंगोली नाही. आबाजी असते तर चिडले असते. मला मात्र वाटतं, बरकत कुठल्या काठाला हा प्रश्नच आम्ही चुकीचा धरून बसलो होतो. मुंबईच्या रस्त्याला आम्ही शेवटचे, हैदराबादच्या रस्त्याला ते. शेवटच्या गावाच्या पुढे कोण कशाला रूळ टाकतो?

यंदा चुलतभावाने हळद हिंगोलीच्या मार्केट यार्डात नेली. पट्टी खिशात घालून परतताना ट्रॅक्टर नाक्यावर थांबवला, तो भज्यांसाठी.