अहिल्याबाईंचे स्थैर्य

स्थितप्रज्ञाची लक्षणे वाचून पुष्कळ श्रद्धाळू गृहस्थांचा असा समज होतो की, ज्ञानी मनुष्यास दुःख होतच नाही. श्रीगीतेच्या दुसऱ्या अध्यायात दुःखाचा अभाव सांगितलेला नाही. दुःखात मनाने उद्विग्न न होणे सांगितले आहे.

दिल्लीच्या दक्षिणेस कुम्हेरच्या वेढ्यात सन १७५४ मध्ये खंडेराव होळकर तोफगोळा लागून पडले. अहिल्याबाई सती जाण्यास सिद्ध झाल्या. परंतु वृद्ध श्वशुर मल्हाररावांची विनवणी त्यांनी मानली. पुढे १७६६ त मल्हारराव गेले, १७६७ त पुत्र मालेराव. एकेक आधार तुटला, तसतसा राज्यभार त्यांच्याच खांद्यावर आला, आणि तो त्यांनी कोणाच्या ओंजळीने पाणी न पिता वाहिला.

१७९१ त जावई निवर्तले. ज्या विनवणीने आपण जगलो, तीच आता त्यांनी कन्या मुक्ताबाईस केली. तिने ती मानली नाही. साठी उलटलेल्या त्या मातेने नर्मदातीरी आकांत केला, असे सांगतात. तो झाकण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. आकांत हा त्या घटकेचा. उद्वेग म्हणजे त्याने मनात कायमचे ठाण मांडणे.

पुढे १७९५ त देह ठेवीपर्यंत महेश्वरी प्रजेची गाऱ्हाणी त्या ऐकतच होत्या.