इंधन कुठे असते?

भिवंडीत सायझिंगच्या कारखान्यापाशी लाकडांची थप्पी लागलेली दिसते. आत बॉयलर पेटतो, त्याच्या वाफेवर खळ शिजते, पाजलेला ताणा वाफेने तापलेल्या सिलिंडरांवरून सुकत जातो आणि मग मागावर चढतो. थप्पीतल्या लाकडाला आपण बेधडक इंधन म्हणतो. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने मूलमध्यमककारिकेच्या दहाव्या प्रकरणात नेमके हेच तपासायला घेतले. अग्नी आणि इंधन एकच मानले, तर जाळणारा आणि जळणारे यांत भेद उरत नाही. वेगळे मानले, तर इंधनावाचूनही अग्नी पेटता राहायला हवा. त्याच्या मते दोन्ही एकमेकांच्या आधाराने आहेत, स्वतःच्या बळावर एकही नाही. हा शब्दच्छल आहे, असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. आणि अग्नी-इंधनाच्या या परस्परावलंबनाचा सर्वांत उघड पुरावा माणसांना ओढून नेणाऱ्या छोट्या वाफेच्या इंजिनांत आहे.

सव्वासात इंच अंतराच्या रुळांवरचे असे इंजिन मूळ इंजिनाच्या साधारण आठव्या हिश्श्याचे असते, पण त्यातला विस्तव खरा असतो. लांबी आठपट घटली की पृष्ठभाग ६४ पट घटतो आणि आकारमान ५१२ पट. म्हणजे तेवढ्याच पाण्यामागे उष्णता निसटायला आठपट जागा. इतक्या लहान बॉयलरला कोळसा परवडेल की स्पिरिटची ज्योतच बरी, यावर १९२४ च्या सुमारास इंग्लंडात कडाक्याचा वाद झाला. ‘एलबीएससी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या कारागिराच्या अडीच इंच अंतराच्या रुळांवरच्या ‘आयेशा’ या इंजिनाने कोळशावर माणूस ओढून दाखवला. मात्र कोळसा त्या भट्टीच्या बेताचा हवा. मोठ्या इंजिनात धडाडून जळणारे नारळाएवढे ढेकूळ छोट्या भट्टीच्या तोंडातून आतही जाणार नाही. उलट छोट्या भट्टीतले हरभऱ्याएवढे दाणे मोठ्या इंजिनात घातले, तर काही जाळीतून गळतील, काही धुराड्यातून उडून जातील. कोळसा एकाच खाणीचा असला तरी इथे तो इंधन आणि तिथे अडगळ. शिवाय सिलिंडरमधून सुटलेली वाफ धुराड्यातून वर जाताना भट्टीत हवा ओढते, म्हणून इंजिन जितके जोरात ओढते तितके निखारे फुलतात. आग गाडीला चालवते. गाडीही आगीला चालवते.

कोळशातली ऊर्जा तर मोजता येते, मग ती त्यातच नाही का, असे कोणी विचारील. पण ती मोजतात प्राणवायू भरलेल्या भांड्यात कोळसा जाळूनच. तो आकडा त्या दोघांच्या संयोगाचा असतो. भिवंडी तालुक्यातच अकलोलीची कुंडे लाकडावाचून तापलेली आहेत, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मात्र ती खोल खडकांची उष्णता. तिथे ज्वाला नाही, आणि ती उष्णताही खडकावाचून नाही. कठोपनिषद म्हणते की एकच अग्नी जगात शिरून रूपागणिक वेगळा होतो. दृष्टान्त सुंदर आहे, पण भट्टीपाशी तो टिकत नाही: आधी असलेला अग्नी छोट्या इंजिनात ओतता येत नाही, त्याला तिथल्या हवेवर, तिथल्या दाण्यांवर नव्यानेच उभे राहावे लागते.

भिवंडीजवळच्या लोणाडला बौद्ध लेणे आहे. तिथल्या भिक्षूंना ‘उपादान’ हा शब्द नवा नसणार. त्याचा एक अर्थ इंधन, दुसरा आसक्ती. नागार्जुनाला अग्नीच्या आडून ‘मी’विषयीच बोलायचे होते: इंधनावाचून अग्नी नाही, तसा उपादानावाचून ‘मी’ही नाही. मग ‘मी’ असा सुटा नसेल, तर केलेल्या कर्माचे फळ पुढे जाते कसे? इंजिनाच्या भट्टीतले निखारे ओढून बाहेर काढले, तरी बॉयलरच्या दाबाचा काटा लगेच खाली येत नाही. आत उरलेल्या वाफेवर गाडी आणखी थोडी चालते. विस्तव मागे राहिलेला नसतो, त्याने केलेले काम राहिलेले असते. विझलेला अग्नी पूर्वेला गेला की पश्चिमेला, असे बुद्धाने वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाला विचारले, तेव्हा हा प्रश्नच लागू पडत नाही हे त्याला कबूल करावे लागले.